तिसऱ्या रांगेतली पाचवी खूण

परीक्षक साहेब, तुम्ही खोटं बोललात. दोनदा बोललात, आणि दोन्ही वेळा सहीशिक्क्यासकट. पहिल्या कागदात तुम्ही लिहिलंत की हा माणूस जिवंत आहे. सात आठवड्यांनी आलेल्या दुसऱ्या कागदात लिहिलंत की असा माणूस कधी नव्हताच. तो माणूस माझा मामा. आत्ता तो माझ्यासमोर खिडकीत बसून नखं कापतोय. तुमचे दोन्ही कागद त्यानं मांडीवर पसरलेत आणि नखं त्यांच्यावरच पाडतोय.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. लिहायला मला कुणी शिकवलं नाही, त्यामुळे कडू गोष्ट गोड करून सांगणं जमत नाही. झालं तसं सांगतो.

आमचं नाटक थोरल्यांवर आहे. सगळा देश ज्यांना थोरले म्हणायचा, आणि खरं नाव घ्यायची वेळ आलीच तर आधी उठून दार लावून यायचा, त्यांच्यावर. त्यांना जाऊन एकतीस वर्षं झाली. मरून तीस वर्षं झालेल्या माणसाची रंगमंचावर टिंगल करायला तुमची हरकत नसते, हा तुमचाच नियम. तीस पूर्ण झाली त्याच महिन्यात मी वही उघडली.

प्रयोगाच्या परवानगीसाठी तुमच्याकडे जो अर्ज करायचा, त्याला एक तक्ता जोडावा लागतो. मूळ व्यक्तींचा तक्ता. पात्र कोणतं, ते कुणावरून घेतलं, तो माणूस हयात आहे का, नसेल तर मृत्यूचा पुरावा. चार रकाने. देशात दुसरं कुठलं काम नसल्यासारखा मी पाच महिने मेलेल्यांचे दाखले गोळा करत फिरलो. थोरल्यांचा मिळाला. त्यांच्या बाईसाहेबांचा मिळाला. सेनापतीचा मिळाला. छातीवर पदकांना जागा उरली नाही म्हणून पाठीवर लावायला घेतली होती तो सेनापती. हे मी रचलेलं नाही, त्याच्या शिंप्यानं सांगितलं. थोरल्यांना बर्फावर ठेवलेलं असताना तीन दिवस ‘साहेबांना हलकी सर्दी आहे’ असं सांगणारा आरोग्यमंत्री, त्याचाही मिळाला. रेडिओवर ती सर्दीची बातमी वाचणाऱ्या निवेदकाचा काही मिळेना, तेव्हा त्याच्या मुलीचं दार वाजवलं.

“बाबा गेलेत याची तुम्हाला एवढी खात्री कशाला करून घ्यायचीय?” तिनं विचारलं.

“नाटकात त्यांच्यावर विनोद आहे.”

“मग आत या,” ती म्हणाली. चहा दिला, दाखला दिला, आणि बाबा बातमी वाचताना सर्दीचा खोकलासुद्धा काढायचे हेही सांगितलं. तो खोकला मी तसाच उचलला.

सहावा होता थोरल्यांचा सारथी, तो थोरले गेले त्याच वर्षी गाडीखाली सापडून मेला होता. असे सहा झाले. सातव्या ओळीत मी लिहिलं, ‘खडूवाला: काल्पनिक.’

खडूवाला हे आमच्या नाटकातलं सगळ्यात हसवणारं पात्र. थोरल्यांच्या प्रत्येक समारंभाच्या सकाळी तो व्यासपीठावर येतो आणि कुणी कुठे उभं राहायचं त्याच्या खुणा खडूनं काढतो. प्रत्येक खुणेजवळ आकडा. थोरल्यांपासून पहिली खूण दीड पाऊल. त्यांच्यापेक्षा उंच माणूस तीन पावलांच्या आत नाही. जो जवळ तो वर, जो लांब तो घसरणीला, हे लोकांना दुसऱ्या दिवशी पेपरातल्या फोटोवरून कळायचं. त्यामुळे भलेभले मंत्री या खडूवाल्याच्या मागे. कुणी घड्याळ आणतो, कुणी नासपतीची करंडी आणतो, एक जण दोन मापं मोठे बूट घालून येतो, म्हणजे खुणेवरच उभा राहिला तरी बुटाचं टोक पुढे. एका प्रवेशात दोन मंत्री एकाच खुणेवर उभे राहून, एकमेकांना कोपरानं रेटत, फोटोसाठी हसत राहतात. तालमीत या जागी आमचीच माणसं खाली बसून हसायची.

हे सगळं मला लहानपणी मामानं सांगितलं होतं. वडील गेल्यावर मामा आमच्याकडे राहायला आला तो कायमचा. मला जेवायचं नसलं की तो खडूवाल्याची गोष्ट काढायचा, मोठ्या बुटांपर्यंत आली की घास तोंडात. इतर मुलांचे मामा राक्षस नि राजकन्या सांगायचे, माझा मामा खडूवाला सांगायचा. ती त्यानं रचलेली गोष्ट आहे यात मला कधी शंकाच आली नाही. तो समारंभ खात्यात होता, एवढं माहीत होतं. तिथे काय करायचास असं विचारलं की म्हणायचा, “खुर्च्या मोजायचो.”

निवृत्त झाल्यावर तो आमच्या नाट्यगृहात रंगमंच सांभाळायला लागला. नटांनी कुठे उभं राहायचं त्या खुणा फळ्यांवर काढायचा. साहेब, तुम्ही हसा. हे वाचणारा कुणीही हसेल. माणूस आयुष्यभर एकच काम करतोय आणि घरचा भाचा त्याच्यावरच नाटक लिहून ‘काल्पनिक’ म्हणून सही करतोय.

तालमीत एकदा तो बोलला होता. खडूवाल्याचं काम करणारा आमचा टकल्या, म्हणजे दिवसा औषधाच्या दुकानात उभा असतो तो, खडू दोन बोटांत धरून ऐटीत फिरत होता. मामा विंगेतून पुढे आला.

“असा धरायचा नाही. तळहातात लपवायचा. पांढरं दिसलं की माणसं पायाकडे बघायला लागतात.”

“मामा, तुम्ही तर असं सांगताय जसं काही—” टकल्या म्हणाला.

“जसं काही काय?”

“काही नाही हो. धरतो तळहातात.”

सगळे हसले. मीही हसलो. मामा खाली वाकून चिकटपट्टी फाडायला लागला.

अर्ज गेला. तीन आठवड्यांनी परत आला. सहा पात्रांपुढे बरोबरची खूण आणि सातव्यापुढे हातानं लिहिलेला शेरा: ‘सदर व्यक्ती हयात आहे. तिची लेखी संमती जोडावी, अन्यथा पात्र वगळावे.’

आमच्या दिग्दर्शक बाईंनी तो तालमीच्या खोलीत मोठ्यानं वाचला. थोरल्यांवर हरकत नाही, बाईसाहेबांवर नाही, सेनापतीच्या पाठीवरच्या पदकांवर नाही, आणि जो माणूसच नाही त्याच्यावर हरकत.

“काल्पनिक माणूस हयात कसा असेल?” टकल्यानं विचारलं.

“म्हणजे काल्पनिक नाहीये तो,” बाई म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. “तू कुणावरून घेतलास?”

“कुणावरूनच नाही. घरातली गोष्ट आहे. मामा सांगायचा.”

मामा त्या दिवशी आला नव्हता. पाय दुखतो म्हणून घरी होता. तेव्हा तिकीट खिडकीवरची वहिनी बोलली. वहिनी म्हणजे आमच्या प्रकाशयोजनेवाल्याची वहिनी, सगळे तिला वहिनीच म्हणतात.

“मामांना मी परवा परीक्षण कचेरीतून निघताना बघितलं. हाक मारली तर ऐकलं न ऐकलंसं करून गेले.”

मग काय विचारता. एकदा संशय आत शिरला की तो बसायला खुर्ची मागत नाही. कुणाला आठवलं की मामा तालमीत हसत नाही. कुणाला आठवलं की तो संहितेची प्रत घरी नेतो. खडू कसा धरायचा ते त्याला कसं माहीत, हे टकल्याला आत्ता सुचलं. मला मात्र दुसरंच आठवत होतं. खडूवाला खरा आहे हे जगात कुणाला माहीत असेल तर ज्यानं गोष्ट सांगितली त्यालाच. आणि तो दोन दिवसांपूर्वी तुमच्या कचेरीतून बाहेर पडला होता.

बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “हा कागद त्यांना दाखवू नकोस. बघू, स्वतःहून काही बोलतात का.”

मला ते पटलं. सांगायची लाज वाटते, पण पटलं. कागद घडी करून मी हत्यारांच्या पेटीत, पान्यांच्या खाली ठेवला.

चार दिवस मी मामावर नजर ठेवली. एकाच घरात, एकाच दाराशी चपला काढून, मी माझ्या मामावर पाळत ठेवली. तो कुणाला फोन करतो ते ऐकायला मी नळ बंद करायचो. त्याच्या कोटाचे खिसे चाचपले. एका खिशात चिकटपट्टीचा तुकडा, दुसऱ्यात तुमच्या कचेरीच्या इमारतीची पावती. त्यावर तारीख तीच.

पाचव्या दिवशी जेवताना मी पावती त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

“हे काय?”

“तूच सांग.”

त्यानं चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. “दाखल्याची पावती आहे. खिसे कधीपासून तपासायला लागलास?”

“त्यांच्याकडे का गेला होतास?”

“तुला काय वाटतं, का गेलो असेन?”

“मला वाटतं, तू नाटकाची खबर दिलीस,” मी म्हटलं. “खबऱ्या आहेस तू.”

आईच्या हातातला डाव भांड्यावर आपटला. “गप बस,” ती म्हणाली. मला म्हणाली की त्याला, ते कळलं नाही.

मामा उठला नाही, ओरडला नाही. जेवण संपवलं. ताट धुतलं. मग पिशवीत दोन सदरे आणि दाढीचं सामान भरलं आणि दारात उभा राहून आईला म्हणाला, “अक्का, मी नाट्यगृहावर झोपतो काही दिवस. तिथल्या पेट्यांना कसर लागलीय, बघायला हवं.”

“पायाला औषध लावत जा,” आई म्हणाली. बस, एवढंच. भावाबहिणीचं भांडणही झालं नाही, म्हणून माझा संशय आणखी वाढला. मला वाटलं, हिलाही माहीत आहे.

माहीत होतंच. पण मला वाटत होतं ते नव्हे.

नऊ दिवस मामा कपडेपटाच्या खोलीत राहिला. तालमीला यायचा, खुणा लावायचा, निघून जायचा. कुणी त्याच्याशी बोलेना. टकल्या संवाद म्हणताना त्याच्याकडे पाठ करायचा. बाईंनी खडूवाला काढून टाकायचं जवळजवळ ठरवलं होतं. तो काढला की नाटकातली माणसं नुसती मेलेली उरतात, हे त्यांनाही कळत होतं.

दहाव्या दिवशी दुपारी आईनं माझी हत्यारांची पेटी उचलून माझ्या पुढ्यात ठेवली. “त्यात जो कागद लपवलायस तो जाऊन त्याला दाखव.”

“तुला कुणी सांगितलं?”

“पेटीला कुलूप घातलंस. पंधरा वर्षांत कधी घातलं नव्हतंस.” मग म्हणाली, “आणि तो हयातीचा दाखला द्यायला गेला होता. दर वर्षी जातो. पेन्शन मिळते त्याला त्या इमारतीच्या तळमजल्यावरून. मी जिवंत आहे म्हणून सही करून येतो. वहिनीकडून मला सगळं कळलं; तिची हाक त्याला ऐकू आली नसेल, ट्रक चालले असतील. तुला विचारता आलं असतं.”

साहेब, तुम्ही मला दोन कानशिलात दिल्या असत्यात तर एवढं लागलं नसतं.

मी गेलो. मामा सेनापतीच्या कोटाची पदकं काढून पुसत बसला होता, पाठीवरची. मी कागद पुढे केला. त्यानं तो घेतला, आणि शेरा वाचायच्या आधीच त्याचा हात थांबला. अक्षर वाचत नव्हता तो. अक्षराकडे बघत होता. शेवटच्या शब्दाखाली दोन रेघा मारलेल्या आहेत ना तुम्ही, दुसरी पहिलीपेक्षा आखूड, त्यांच्यावरून त्यानं अंगठा फिरवला.

“कधी आला हा?”

“पंधरा दिवस झाले.”

“आणि मला आत्ता दाखवतोस.”

“मला वाटलं—”

“तुला काय वाटलं ते मी जेवतानाच ऐकलं.” त्यानं पदक खाली ठेवलं. “अरे, हा शेरा तुला लिहिलेला नाही. मला लिहिलाय.”

मग त्यानं सांगितलं. खडूवाला तोच. आठ वर्षं. बूट, घड्याळं, नासपती, सगळं खरं. नासपती आईनं आणि त्यानं मिळून खाल्ल्या होत्या, घड्याळं त्यानं परत केली होती, “एक सोडून, ते बंद होतं.” समारंभाच्या सकाळी वरच्या मजल्यावरून चिठ्ठी यायची. कोण कितव्या आकड्यावर. चिठ्ठ्या लिहायला एक तरुण सचिव होता, सदऱ्याची घडी मोडू न देणारा. आठ वर्षं मामानं त्याच्याच हातच्या चिठ्ठ्या वाचल्या. महत्त्वाच्या शब्दाखाली तो दोन रेघा मारायचा, दुसरी आखूड.

“तो आता परीक्षक आहे?” मी विचारलं.

“मला काय ठाऊक. मी तळमजल्यावरून परत येतो. पण हे अक्षर त्याचंच.”

“पण त्याला कसं कळलं की तू इथे आहेस?”

“अर्जात नाट्यगृहातल्या माणसांची यादी नव्हती?”

होती. तिसऱ्या पानावर. रंगमंच व्यवस्था, आणि पुढे मामाचं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मीच लिहिलं होतं, वळणदार अक्षरात. खबर देणारा मी होतो.

“पण असा शेरा कशाला?” मी म्हटलं. “सरळ बंदी घालायची.”

“बंदी घातली की लोक विचारतात का. शेरा दिला की मी घाबरतो, मी तुला म्हणतो काढून टाक बाबा तेवढं, आणि तू काढतोस. कुणी विचारत नाही.” त्यानं कागदाची घडी घातली. “त्याला काय माहीत की तुम्ही लोक कागद मलाच दाखवणार नाही. एवढी शहाणी माणसं त्याच्या हिशेबात नव्हती.”

मी विचारलं, घाबरण्यासारखं काय आहे त्यात. हसण्याची गोष्ट आहे सगळी. मामानं सेनापतीचा कोट झटकला.

“तुला जेवू घालायचं होतं,” तो म्हणाला. “म्हणून हसण्याची तेवढी सांगितली.”

न सांगितलेली ही. थोरल्यांचा एक डॉक्टर होता. थोरल्यांचा उजवा हात थरथरायला लागला तेव्हा बाकी सगळे म्हणाले, हात थकलाय. हा एकटा म्हणाला, आजार आहे, आणि लिहून दिलं. डॉक्टरची जागा तिसऱ्या रांगेत, पाचवी. एका समारंभाच्या सकाळी खुणा काढून झाल्यावर चिठ्ठी आली. ‘तिसऱ्या रांगेतील पाचवी खूण पुसावी.’ पुसावी या शब्दाखाली दोन रेघा. मामानं ओलं फडकं घेतलं आणि पुसली. चौथी आणि सहावी थोडी सरकवली, म्हणजे मोकळी जागा दिसू नये. “काम नीट करायची सवय,” तो म्हणाला.

डॉक्टर आला. स्वच्छ कोट, हातात टोपी. आपली जागा शोधली. मग मामाजवळ येऊन हळूच विचारलं, “अहो, माझी जागा कुठे?”

“आज नाहीये,” मामा म्हणाला.

“असं का,” डॉक्टर म्हणाला. “आभारी आहे.” आणि पायऱ्यांजवळ जाऊन उभा राहिला. पूर्ण समारंभभर, हातात टोपी घेऊन. राष्ट्रगीत झाल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंना दोन माणसं उभी होती. तिघं पायऱ्या उतरून गेले. पुढे कुणी पाहिलं नाही.

“आभारी आहे म्हणाला,” मामा म्हणाला. “त्या दिवसापासून मला कुणी आभार मानलेले सोसत नाहीत. तुझ्या आईला माहीत आहे. ती कधी मानत नाही.”

मी म्हटलं, आपण खडूवाला काढून टाकू. मामानं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा सातवीत गेलो.

“संमतीचा कागद कुठे मिळतो?”

“मामा, तू सही केलीस तर ते तुझ्यावरच ढकलतील. खूण तू पुसलीस.”

“पुसलीच की. मग कुणी पुसली?”

तुमच्या संमतीच्या कागदावर एक प्रश्न छापलेला आहे. ‘सदर पात्राचे वर्तन आपलेच असल्याचे मान्य आहे काय?’ मामानं लिहिलं, ‘मान्य आहे. अपुरे आहे. डॉक्टरचा प्रसंग घालावा.’ खाली सही केली आणि डॉक्टरचं पूर्ण नाव लिहिलं. मी तो प्रसंग लिहिला. त्यात एकही विनोद नाही आणि तालमीत तो झाल्यावर टकल्या विंगेत जाऊन बसला, मग येऊन मामाच्या शेजारी बसला. मामा म्हणाला, “खडू आता बरोबर धरतोस.”

नवा तक्ता आम्ही पाठवला. त्यात आठवं पात्र, डॉक्टर. हयात आहे का, या रकान्यात मी लिहिलं, ‘माहीत नाही.’ मृत्यूचा पुरावा, या रकान्यात लिहिलं, ‘तुमच्याकडे असल्यास तुम्ही जोडावा.’

चार आठवड्यांनी तुमचं उत्तर आलं. या वेळी टंकलिखित. हातानं एक अक्षर नाही, रेघा नाहीत, फक्त सही. ‘समारंभ खात्यात खुणा आखणारा असे पद कधीही अस्तित्वात नव्हते. अनुक्रमांक सात व आठ या व्यक्ती कल्पित असून ऐतिहासिक प्रयोगात कल्पित व्यक्ती घालणे हा इतिहासाचा विपर्यास होय. सबब दोन्ही वगळाव्यात.’ त्याच आठवड्यात तळमजल्यावरून मामाला पत्र आलं, की आपल्या सेवेची नोंद आढळत नाही, तरी आपण सेवेत होतात याचा पुरावा सादर करावा. आठ वर्षं लोकांना जागा दाखवल्या त्याचा पुरावा. ओल्या फडक्यानं पुसलेल्या जागांचा पुरावा.

आता मी विचारतो. पहिल्या कागदात तुम्ही लिहिलंत, सदर व्यक्ती हयात आहे. तेव्हा त्या पात्रापुढे आम्ही कुणाचं नाव दिलं नव्हतं. आम्ही लिहिलं होतं काल्पनिक. नसलेल्या पदावरचा, नसलेला माणूस, आणि तो हयात आहे हे तुम्हाला माहीत. खडूवाल्यापुढे त्या यादीतलं माझ्या मामाचं नाव तुम्ही मनात कसं जोडलंत? हे दोन तऱ्हांनीच होऊ शकतं. एक तर तुमच्याकडे जुन्या चिठ्ठ्यांचं दप्तर आहे. नाहीतर त्या चिठ्ठ्या तुम्हीच लिहीत होतात. मला दोन्हींचा संशय आहे.

आमच्या नाटकातले सहा जण मेलेले आहेत आणि त्यांचे दाखले तुमच्याकडे आहेत. सातवा समोर बसलाय. थोरल्यांनी हात हलवून फक्त हसायचं काम केलं, खूण पुसायला ते स्वतः आले नव्हते. ज्यांनी लिहिलं, ज्यांनी नेलं, ज्यांनी पुसलं, ती माणसं खरी होती, आणि त्यांच्यातल्या एकानंच आजवर सही करून मान्य केलंय. तुम्ही वर्षभरात निवृत्त होताय म्हणतात. तुम्हालाही मग दर वर्षी तळमजल्यावर जाऊन जिवंत असल्याची सही करावी लागेल. त्या खिडकीवरच्या रांगेत मामा उभा असेल, नोंद सापडो न सापडो. तो तुम्हाला ओळखेल.

हे लिहून झाल्यावर मी मामाला वाचून दाखवलं. म्हटलं, पेन्शनचं आणखी जोरात लिहू का. तो म्हणाला, “पेन्शन गेली खड्ड्यात. माझ्याबद्दल काही विचारू नकोस. मी आहे की नाही ते मला माहीत आहे.” आणि मग जे विचारायला सांगितलं ते तेवढंच खाली लिहितो. टपालाला पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं हा तुमच्याच कचेरीचा नियम, दारावर पाटी लावली आहे. उत्तर टंकलिखित नको. तुमच्या हातानं लिहा.

पायऱ्या उतरल्यावर डॉक्टरांना कुठे नेलं?